बारा आण्यांपर्यंत चालायचं: पायाच्या धमनीत अडथळा असलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

काका ६२ वर्षांचे, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावचे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. खाणी चालू होत्या तेव्हा ते टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवायचे. २०१२ च्या बंदीत पहिला धक्का बसला, २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा गाडी विकली आणि घरच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) लक्ष घातलं. मधुमेह अकरा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू, आणि विडी गाडीवर असल्यापासूनची, दिवसाला पंधरा ते वीस. घरी काकी, मुलगा आणि सून.

तक्रार एकच होती. चाललं की उजवी पोटरी आवळून येते. घरापासून कुळागरापर्यंतच्या उतरणीवर जाताना फारसं नाही, पण वर येताना दोनदा थांबावं लागायचं. वर्षभरात त्यांनी कुळागरात जाणंच कमी केलं होतं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी डोंगरावर जाऊन माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीचं, सामान आणायचं हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम, तेही मुलाकडे गेलं होतं. हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत काकींनी सांगितलं.

पहिली चूक

आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ते आले ते कमरेचे रुग्ण म्हणून. हातात एमआरआयचा रिपोर्ट होता. त्यात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगल्याचं लिहिलं होतं, आणि आधी एका ठिकाणी महिनाभर कमरेला ट्रॅक्शन (यंत्राने ताण) देऊन झालं होतं. साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसणं अगदी नेहमीचं, आणि पायदुखीचं कारण तीच असेल असं त्यावरून ठरत नाही. हे मला माहीत होतं. तरी कागद समोर असला की नजर कागदावरच राहते. दोन आठवडे मी कमरेचे व्यायाम घेतले आणि पोटरीला शेक दिला.

त्या शेकाचा विचार आजही मनातून जात नाही. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झालेली, त्यात पायाला रक्तपुरवठा अपुरा, अशा पायावर गरम पिशवी ठेवली तर चटका बसल्याचं रुग्णाला कळत नाही आणि भाजलेलं लवकर भरत नाही. सुदैवाने काही झालं नाही.

कलाटणी बसथांब्यामुळे मिळाली. कदंबच्या (सरकारी) बसमधून उतरून आमच्या दवाखान्यापर्यंत साधारण अडीचशे मीटर अंतर आहे. एकदा मी त्याच वेळी रस्त्याने येत होते. काका पुढे चालत होते. एका वीजखांबापाशी ते थांबले, खांबाला हात लावून ताठ उभे राहिले, दोनेक मिनिटांनी पुन्हा चालू लागले, आणि पुढे तसंच पुन्हा थांबले. मणक्यातली नस दबून पाय दुखत असेल तर माणूस बसायला जागा शोधतो किंवा पुढे वाकतो, नुसतं उभं राहून त्याला आराम पडत नाही. काकांची कळ उभ्या उभ्या जात होती. दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर यायची आणि थांबलं की काही मिनिटांत जायची. पायाच्या स्नायूला चालताना लागतं तेवढं रक्त पोचत नसलं की हेच होतं.

दवाखान्यात आल्यावर त्यांचे दोन्ही पाय उघडे करून पाहिले. हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. उजवं पाऊल डाव्यापेक्षा गार होतं, बोटांवरचे केस गेले होते, आणि पावलाच्या वरच्या बाजूला व घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी लागत नव्हती. जखम नव्हती, रात्री झोपेत पाय दुखत नव्हता. हे दोन्ही विचारून घेणं फार महत्त्वाचं, कारण बसल्या-झोपल्या दुखणारा किंवा जखम झालेला पाय व्यायामाने हाताळायचा नसतो, तो तातडीने सर्जनकडे पाठवायचा असतो.

निदान

बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी झाली. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढलं. घोट्याला ९२, दंडाला १४८, म्हणजे ०.६२. डाव्या पायाचं ०.९४ आलं. निरोगी माणसात हे गुणोत्तर १.०० ते १.४० असतं, आणि ०.९० किंवा त्याखाली आलं की धमनीचा आजार आहे असं धरतात. मधुमेहात एक फसवणूक होऊ शकते. धमन्यांच्या भिंती कॅल्शियम साचून कडक झाल्या तर पट्टा त्यांना दाबू शकत नाही आणि आकडा खोटाच मोठा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. काकांच्या बाबतीत ती वेळ पुढे आलीच.

डॉपलर सोनोग्राफीत उजव्या मांडीतली मुख्य धमनी बऱ्याच लांबीवर बंद दिसली. गुडघ्यामागे आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून रक्त पोचत होतं. चाळिशीच्या आतला विडी ओढणारा पुरुष असता तर बर्गरच्या आजाराचाही (तंबाखूमुळे हातापायांच्या वाहिन्या सुजून बंद होतात, त्याचा) विचार करावा लागला असता. काकांचं वय, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल पाहता हे धमनीत चरबीचे थर साचण्याचंच प्रकरण होतं.

पर्याय

सर्जन, काका, मुलगा आणि मी, अशी चौघांची चर्चा झाली.

मुलाला अँजिओप्लास्टी हवी होती. "अडलंय तिथं फुगा घालून मोकळं करा आणि संपवा." त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. सर्जनचं म्हणणं असं की बंद भाग लांब आहे, मांडीच्या धमनीतलं काम काही काळाने पुन्हा अडू शकतं, आणि पाय धोक्यात नाही. फक्त चालताना दुखणाऱ्या बहुतेक रुग्णांचा पाय पुढची कित्येक वर्षं तसाच स्थिर राहतो. त्यांना जास्त भय असतं ते हृदयविकाराच्या झटक्याचं आणि पक्षाघाताचं, कारण तेच थर शरीरात इतरत्रही असतात. म्हणून रक्ताच्या गुठळ्या रोखणारं क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉल कमी करणारं अटोर्वास्टॅटिन, साखर आणि रक्तदाबावर ताबा, आणि विडी बंद, हे कुठल्याही पर्यायात असणारच होतं. चालण्याचं अंतर वाढवणारी सिलोस्टॅझॉल नावाची गोळीही आहे. हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही. सर्जननी ती राखीव ठेवली.

व्यायामाची बाजू मी मांडली. रिकाम्या हाताने मांडली नाही. चालण्याच्या सरावाने या रुग्णांचं अंतर वाढतं हे दाखवणारी पहिली यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेली) १९६६ ची, डेन्मार्कमधली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्लेव्हर' या अमेरिकन अभ्यासात ओटीपोटातल्या धमन्यांचा आजार असलेल्यांना एक तर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) दिला, नाही तर देखरेखीखाली व्यायाम. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ व्यायामाच्या गटात जास्त वाढला होता. दैनंदिन आयुष्य किती सुधारलं हे रुग्णांना विचारलं तेव्हा मात्र स्टेंटची बाजू वरचढ होती, हेही मी सांगितलं. काकांचा अडथळा मांडीतला होता, तेव्हा तो अभ्यास जसाच्या तसा लावता येत नव्हता.

ठरलं असं: तीन महिने व्यायाम आणि औषधं, मग पुन्हा बसू. मधे जखम झाली किंवा रात्रीचं दुखणं सुरू झालं तर त्याच दिवशी सर्जनकडे. सुरू करण्याआधी ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला. कारण पाय सुधारला की माणूस जास्त चालतो, आणि आजवर पायाच्या कळीआड झाकलेलं छातीचं दुखणं तेव्हा उघडं पडू शकतं.

व्यायामाची मात्रा

"रोज चालत जा" हे वाक्य या रुग्णांना दहा जणांनी सांगितलेलं असतं. त्याने बहुधा काही होत नाही, कारण कळ आली की माणूस थांबतो, आणि पुढे पुढे कळ येण्याआधीच थांबायला शिकतो. उपयोग होतो तो कळ अंगावर घेऊन चालण्याचा. २०२१ च्या 'लाइट' या अभ्यासात हेच तपासलं होतं. कळ येणार नाही अशा बेताने घरी चालणाऱ्यांचं अंतर व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा वाढलं नाही, आणि कळ येईल अशा वेगाने चालणाऱ्यांचं वाढलं.

आम्हा फिजिओथेरपीवाल्यांना हे उलटं वाटतं. आम्ही दिवसभर लोकांना "दुखलं की थांबा" सांगत असतो. काकांनी विचारलंच, "बाय, दुखतंय म्हणून आलो, आणि तू दुखेपर्यंत चाल म्हणतेस?"

म्हणून दुखण्याचं माप त्यांच्याच भाषेत बसवलं. कळ सुरू झाली की चार आणे. नक्की दुखतंय पण बोलत चालता येतं, आठ आणे. बोलणं तुटतं, थांबावंसं वाटतं, बारा आणे. पाऊलच टाकवत नाही, तो रुपया. चालायचं बारा आण्यांपर्यंत, रुपया होऊ द्यायचा नाही. मग थांबायचं, कळ पूर्ण शून्यावर येऊ द्यायची, आणि पुन्हा चालायचं. या कळीने स्नायूला इजा होत नाही हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते माझ्याकडे न पाहता काकींकडे पाहून हसले, तेव्हा पटलं असावं.

सुरुवातीची मोजमापं अशी: कळ सुरू होण्याचं अंतर ९० मीटर, जास्तीत जास्त अंतर १६० मीटर, सहा मिनिटांच्या चाचणीत थांबत थांबत २६८ मीटर. मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात ट्रेडमिल, ताशी २.५ किलोमीटर, चढ शून्य. पहिल्या दिवशी चार मिनिटांत बारा आणे झाले. चार फेऱ्यांत प्रत्यक्ष चालणं पंधरा मिनिटं झालं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत चालण्याचा वेळ पस्तीस ते चाळीस मिनिटांवर न्यायचा, आणि एका फेरीत आठ-दहा मिनिटं सलग जमू लागली की आधी वेग, मग चढ वाढवायचा. आठवड्यातले आणखी तीन दिवस घरी. सून वहीत लिहायची: फेऱ्या, मिनिटं, आणे, विड्या.

घरी चालायचं कुठे, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच आला. रस्ता अरुंद, वळणाचा, दुचाक्या भरधाव. घराभोवती चढ-उतार. काकांनीच सुचवलं, "देवळाच्या प्राकारात चालतो." सपाट, मोकळं, ओळखीची माणसं, थांबलं तर टेकायला कट्टा. मला कल्पना फार आवडली. मुलाने टेप लावून एक प्रदक्षिणा मोजली, ७४ मीटर. मी मान डोलावली आणि पुढच्या विषयाकडे वळले.

मार्चमधला फोड

पहिले सहा आठवडे चांगले गेले. ट्रेडमिलवर ताशी तीन किलोमीटर, दोन टक्के चढ. देवळात दोन प्रदक्षिणा कळीशिवाय होऊ लागल्या. विड्या दहावर आल्या होत्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काकींचा फोन आला. काकांचे पाय पुसताना त्यांना उजव्या अंगठ्याखाली, तळव्यावर, रुपयाएवढा फोड दिसला होता. काकांना काहीच जाणवलं नव्हतं. संध्याकाळी भजनाला लोक जमतात म्हणून ते त्या आठवड्यात दुपारी साडेतीनला चालायला गेले होते. देवळात चप्पल घालत नाहीत. मार्चच्या उन्हात तापलेल्या फरशीवर, जाणीव गेलेल्या तळव्यांनी, ते अर्धा तास अनवाणी चालले होते.

जानेवारीत शेकाची चूक लक्षात आल्यावर मी त्यांच्या पावलांना दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का पाहायच्या नायलॉनच्या तंतूने) तपासलं होतं. उजव्या तळव्याच्या तीन बिंदूंवर स्पर्श कळत नाही, हे माझ्याच अक्षरात फाइलमध्ये लिहिलेलं होतं. सहा आठवड्यांनी मी त्याच पायांना अनवाणी प्रदक्षिणा घालायला संमती दिली. देऊळ म्हटल्यावर अनवाणी हे मला वेगळं कळायची गरज नव्हती, मीही तशीच वाढले आहे. बहुधा म्हणूनच ते दिसलं नाही.

त्याच दिवशी त्यांना सर्जनकडे पाठवलं. अंगठ्यातला रक्तदाब मोजला, ५८ निघाला. तो ३० च्या खाली असता तर जखम भरण्याची आशा फार कमी होती आणि धमनी मोकळी करण्याचा निर्णय लगेच घ्यावा लागला असता. सर्जननी दोन आठवड्यांची मुदत दिली: तेवढ्यात जखम आकसू लागली नाही तर अँजिओप्लास्टी. मुलगा माझ्याशी त्या दिवशी काही बोलला नाही. मीच त्याला थांबवून सांगितलं की फरशीचा विचार मी करायला हवा होता, तो माझ्याकडून राहिला.

चालणं पूर्ण बंद. अंगठ्यावर भार येऊ नये म्हणून खास सोलचं पादत्राण, दिवसाआड ड्रेसिंग. काकींनी घरचं तेल, हळद काही लावू दिलं नाही, त्यावरून सासू-सुनेत थोडी कुरबूरही झाली. पण सहा आठवड्यांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून मंगळवार-शुक्रवार चालू ठेवले. बसून हातांनी पेडल फिरवायचं. हातांच्या अशा व्यायामानेही या रुग्णांचं चालण्याचं अंतर वाढल्याचे अभ्यास आहेत. हृदय, फुप्फुसं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर सगळ्या शरीराला एकच असतं, त्यामुळे फायदा पायापर्यंत पोचतो. काकांना ते कंटाळवाणं वाटलं, पण एकही दिवस चुकवला नाही. बाराव्या दिवशी जखमेच्या कडा आत सरकलेल्या दिसल्या. भरायला पाच आठवडे लागले.

पावसाळा

मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरुवात, आता बूट-मोजे घालूनच, सूर्य कलल्यावर, गावच्या फुटबॉल मैदानावर. बूट घेताना पायाचं माप संध्याकाळी घेतलं, आतून हात फिरवून शिवण कुठे टोचते का पाहिलं. चालण्याआधी आणि नंतर काकी तळवे पाहणार, हा नियम. तळवा स्वतःला नीट दिसत नाही, त्यासाठी आरसा किंवा दुसरं माणूस लागतं.

जूनमध्ये मैदानाचं तळं झालं. गोव्यातल्या पावसात तीन-चार महिने उघड्यावर चालण्याचा कार्यक्रम टिकत नाही, हे आम्हाला फेब्रुवारीतच ठरवून ठेवता आलं असतं. या वेळी तोडगा मुलाने काढला. त्याने देवस्थान समितीशी बोलून अग्रशाळेची (देवळाजवळच्या उतरण्याच्या जागेची) पडवी मागितली. अट एकच, बाहेरचं पादत्राण आत नको. म्हणून कॅनव्हासचे नवे बूट घेतले, ते तिथेच एका कपाटात ठेवले. पडवीची लांबी २८ मीटर. कौलांवर पाऊस कोसळत असताना काका तिथे येरझाऱ्या घालायचे, आणि समितीतले एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून मोठ्याने फेऱ्या मोजायचे.

विडीचं काम त्या मानाने रखडलं. निकोटीनचं च्युइंगम दिलं, १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर काका दोनदा बोलले. सकाळची चहाबरोबरची विडी सुटेना.

निष्पत्ती

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोजलं. कळ सुरू होण्याचं अंतर ९० वरून २४० मीटर. जास्तीत जास्त ४३० मीटर. सहा मिनिटांत ३५२ मीटर, एकदाही न थांबता. बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंत सरळ चालत.

घोटा आणि दंडाचं गुणोत्तर मात्र ०.६४, म्हणजे जवळजवळ होतं तेच. मुलाने विचारलं, "मग सुधारलं काय?" प्रश्न रास्त होता. मांडीतला अडथळा आहे तिथेच आहे. पोटरीचा स्नायू आलेल्या रक्तातला प्राणवायू अधिक चांगला वापरायला शिकतो, लहान वाहिन्या गरजेनुसार जास्त सैलावतात, चाल कमी खर्चिक होते. हे घोट्याच्या दाबात दिसत नाही. म्हणून यशाचं माप अंतर हे धरायचं, गुणोत्तर नाही. आणि सराव सोडला की कमावलेलं हळूहळू जातं, हेही तेव्हाच सांगितलं.

पुन्हा चौघे बसलो. अँजिओप्लास्टी तूर्त नको, असं या वेळी मुलगाच आधी म्हणाला.

चवथीच्या आदल्या दोन दिवसांत काका मुलाबरोबर डोंगरावर गेले. चढताना चार वेळा थांबले, पायात बूट होते. कवंडळं आणि तोरिंगं त्यांनी स्वतः काढली, सुपारीचा घड कुळागरातून आणला. सुनेने वहीत त्या तारखेपुढे मिनिटं लिहिली नाहीत, फक्त "माटोळी" असं लिहिलं.

पुढच्या जानेवारीतल्या तपासणीला कळीचं अंतर २१० मीटर होतं, दिवाळीनंतर आठवड्याचे पाच दिवस तीनवर आले होते. विड्या दिवसाला दोन. पाय स्वच्छ, जखम नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पन्नाशीपुढचा मधुमेही किंवा विडी-सिगारेट ओढणारा माणूस चालताना पाय दुखतो म्हणून आला, तर बरोबर कुठलाही रिपोर्ट असो, आधी मोजे उतरवून पावलाची नाडी पाहायची. दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे आता हे झाल्याशिवाय शेकाचं यंत्र लावत नाहीत.

घरच्या व्यायामाच्या कागदावर आधी फक्त किती वेळ आणि किती दिवस एवढंच होतं. आता कुठे, किती वाजता, पायात काय आणि पावसात कुठे, हे चार रकाने आहेत. ते रुग्णाच्या घरच्या माणसासमोर भरतो. शक्य असेल तिथे मी ती जागा स्वतः पाहून येते. काकांच्या देवळात मी पहिल्यांदा गेले ती फोड आल्यानंतर, भर दुपारी. चप्पल काढून फरशीवर उभी राहिले आणि मला दहा पावलंही टाकवली नाहीत.

विडीसाठी सुरुवातीपासूनच वेगळी वेळ राखायला हवी होती. आम्ही ती चालण्याच्या सत्राच्या शेवटी, बस सुटायच्या घाईत बोलत राहिलो. आता काका दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फक्त त्यासाठी येतात, त्या दिवशी ट्रेडमिल नाही.